ब्रेक कडक, पुढून कर्रर्र, दिवा लुकलुक: एका जुन्या फोर बाय फोरचं प्रकरण

गाडी माझ्या मावसभावाची. १४ वर्षं जुनी डिझेल फोर बाय फोर, शॅसीवर बॉडी ठेवलेली जुन्या वळणाची, पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि गिअरच्या शेजारी टू-एच (फक्त मागची दोन चाकं ओढणार), फोर-एच (चारही ओढणार), फोर-एल (चारही, पण सावकाश आणि जास्त जोराने) असा दुसरा छोटा दांडा. कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं ते वयाने आणि चालवण्याच्या सवयीने झालं. भाऊ राहतो वाईला, शेत पाचगणीच्या खालच्या अंगाला, आणि कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जाणं. म्हणजे गाडीचं अर्धं आयुष्य घाटातच. मी साताऱ्याला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, कॉम्प्रेसर आणि हवेच्या लायनी बघणं हे माझं पोटापाण्याचं काम, गाड्यांचा नाद हौसेचा.

जुलैत त्याचा फोन आला, रात्री साडेनऊला. "दादा, आज ब्रेक लागलाच नाही." मी म्हटलं लागला नाही म्हणजे काय, पेडल खाली गेलं का. तर म्हणे नाही, उलट दगडासारखं कडक झालं, दोन्ही पाय ठेवून दाबलं तेव्हा कशीबशी गाडी थांबली, कठड्यापासून चार हातांवर. आणि मग पुढच्या वळणाला ब्रेक एकदम नेहमीसारखा, जणू काही झालंच नाही.

ही पहिली वेळ नव्हती, सहा आठवड्यांत पाचवी होती, पण आधीच्या चार वेळा त्याने मला सांगितलंच नव्हतं. कारण त्याच्या डोक्यात ह्या तीन वेगवेगळ्या तक्रारी होत्या आणि तो त्या गॅरेजला सुट्या सुट्या सांगत होता. दुसरी तक्रार अशी की कधीकधी पुढून, पायाशी, कर्रर्र असा आवाज येतो आणि शेवटी एक टक होतं, जसं कुणी दातेरी चक्र फिरवता फिरवता अडकवलं. तिसरी, फोर व्हीलचा हिरवा दिवा मधूनच लुकलुकतो. आणि चौथी पण होती, चढाला गाडी ओढत नाही, ती नंतर सांगतो.

दोन गॅरेज झाली होती. पहिल्याने पुढचे पॅड बदलले, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑईलला देतं ते) बदललं, ब्रेक ऑईल नवीन टाकून एअर काढली. सपाट रस्त्याला ट्रायल घेतली, ब्रेक झकास. आठवड्याने आंबेनळीत परत तेच. दुसऱ्याने मागचे लायनर बदलले, ड्रम लेथला लावून आणले, पुढच्या बेअरिंगला ग्रीस मारलं, ट्रान्सफर केसचं (इंजिनाची ओढ पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) ऑईल बदललं कारण "आवाज चेनचा असणार", आणि दिव्याबद्दल सांगितलं की सेन्सर जुने झाले, लक्ष देऊ नका. ३१ हजार गेले. आता तिसरा सल्ला होता की बूस्टर बदला, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीच्या, व्हॅक्यूमच्या, जोरावर पायाला मदत करणारा डबा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार. त्यांना मी वेड्यात काढत नाही, कारण त्यांच्याकडे गाडी असताना तिला खरंच काही होत नव्हतं, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना मेकॅनिकने काहीतरी करावं लागतं.

मला फोनवर पहिलं एवढंच कळलं की पेडल *कडक* होतंय. ह्या एका शब्दाने अर्धं काम होतं. पेडल स्पंजासारखं होऊन खाली जात असेल तर ऑईलच्या बाजूचा रोग, एअर आहे, गळती आहे, मास्टर सिलिंडरचं वायसर आतल्या आत सोडतंय, किंवा लांब उतारावर ऑईल तापून उकळलंय. पेडल पायाखाली थरथरत असेल तर डिस्क वाकडी किंवा एबीएस. आणि पेडल वर, घट्ट, विटेसारखं असेल तर मुख्यतः दोनच गोष्टी राहतात, एक तर पॅड तापून त्यांची पकड गेली, नाहीतर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. म्हणजे मास्टर सिलिंडर बदलायचं कारण पहिल्या दिवशीच नव्हतं, पण ते असो.

पॅड तापले असतील तर जळका वास येतो आणि ब्रेक परत यायला दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. मी विचारलं वास आला का. नाही. परत कधी लागायला लागला? "रेस दिली ना दादा, की लगेच ठीक." हे वाक्य तो सहज बोलून गेला, दोन गॅरेजमध्ये त्याने ते सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. तापलेले पॅड रेस दिल्याने गार होत नाहीत. रेस दिली की फिरतं इंजिन, आणि इंजिनावर फिरतो व्हॅक्यूम पंप.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. पेट्रोल गाडीत इनटेकमध्येच व्हॅक्यूम तयार होतो, डिझेलला तसा थ्रॉटल नसतो म्हणून वेगळा पंप लागतो. ह्या गाडीत तो कॅमशाफ्टच्या टोकाला आहे, आणि कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन हजारला असेल तर पंप पाचशेला. हळू उतारावर, वळणात, जिथे ब्रेक सगळ्यात जास्त लागतो, नेमका तिथेच पंप सगळ्यात सुस्त. एरवी ह्याने काही बिघडत नाही कारण बूस्टर स्वतः एक साठवणीचा डबा आहे, तोंडाला एकदिशी व्हॉल्व्ह, आतला व्हॅक्यूम बाहेर जात नाही. एकदा दाबलं थोडा खर्च झाला, पंपाने दोन-चार सेकंदात भरून काढला. पण भरणाच झाला नाही तर? पहिलं दाबणं मस्त, दुसरं ठीक, तिसऱ्याला वीट. भावाला विचारलं तर बरोबर तसंच, कधीच पहिल्या वळणाला नाही, लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या वळणाला.

मग मी त्याला म्हटलं की आजपासून वहीत लिही, कुठे झालं, पाऊस होता का, गिअर कुठला, छोटा दांडा कुठे होता, दिवा कसा होता. वही काही त्याने केली नाही, व्हॉइस मेसेज पाठवले, मागचे आठवून पाच आणि नवीन दोन, मागे वायपरचा आवाज आणि मध्येच कुणाला तरी शिव्या. मी जेवताना दोनदा ऐकले. सातपैकी सहा वेळा गाडी फोर-एचमध्ये होती. एकदा तो म्हणाला "तेव्हा टू-एच होतं". ह्या एकाने मला दोन दिवस फिरवलं. नंतर खोदून विचारलं तेव्हा कळलं की दांडा त्याने टू-एचला ओढला होता पण दिवा अजून लुकलुकतच होता. म्हणजे गाडी प्रत्यक्षात फोर-एच सोडलेलीच नव्हती, चाकांमध्ये पीळ भरलेला असला की ट्रान्सफर केस दांडा ओढला तरी लगेच सुटत नाही, थोडं मागे-पुढे केल्यावर सुटते. सातच्या सात फोर-एच.

आता प्रश्न असा की ब्रेकचा आणि फोर व्हीलचा संबंध काय. ह्या बांधणीच्या गाड्यांत संबंध आहे, आणि तो एका टी-जॉइंटमधून जातो. टू-एचमध्ये पुढची चाकं नुसती घरंगळावीत म्हणून पुढच्या डिफरेन्शियलमध्ये (दोन चाकांना ओढ वाटून वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) एका बाजूचा ॲक्सल दोन तुकड्यांत केलेला असतो, आणि त्या दोन तुकड्यांवर आतून दाते असलेली एक बांगडी सरकते. बांगडी दोन्हीवर आली की ॲक्सल एकसंध, पुढची चाकं ओढायला लागतात. बाजूला सरकली की सुटी. ती सरकवायचं काम करतो एक पत्र्याचा डबा, आत रबराचा पडदा, दोन बाजूंना दोन नळ्या. एका नळीला व्हॅक्यूम दिला की टू-एच, दुसरीला दिला की फोर-एच. आणि हा व्हॅक्यूम येतो कुठून, तर त्याच पंपाच्या त्याच लायनीतून, बूस्टरच्या आधी टी मारून, मध्ये दोन इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह. हिरवा दिवा लुकलुकतो म्हणजे दांड्याचा आणि बांगडीचा मेळ नाही, एक तर ती अजून पूर्ण बसलेली नाही, नाहीतर पूर्ण सुटलेली नाही.

म्हणजे फोर-एचच्या नळीत कुठे फट असेल तर टू-एचमध्ये काहीच कळणार नाही, कारण व्हॉल्व्ह ती नळी बंदच ठेवतो. गॅरेजला गाडी गेली ती टू-एचमध्ये, ट्रायल झाली टू-एचमध्ये, सपाट रस्त्यावर. तिथे सापडेल कसं. फोर-एच लावलं की फट उघडी पडणार, पंप तिथून हवा ओढत बसणार, बूस्टरचा भरणा मंदावणार आणि बांगडी पण नीट धरली जाणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून. तीन तक्रारी एका फटीत बसत होत्या.

कागदावर सगळं इतकं छान जुळलं की मी खूष होऊन रविवारी वाईला गेलो, बॅगेत व्हॅक्यूम गेज, टी, चार मीटर नळी आणि हातपंप. ओळखीचे एक म्हातारे फिटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांच्याकडे गाडीखाली उतरायला खड्डा आहे. बूस्टरच्या नळीत टी टाकून गेज लावलं. वाईला, आयडलला, टू-एचमध्ये पाऱ्याचे ६४० मिलिमीटर. ब्रेक चार वेळा दाबला, सुई ४८० पर्यंत उतरली आणि पाच सेकंदात परत वर. तब्येत उत्तम. मग इंजिन बंद करून पेडल दाबून बघितलं, तीन वेळा मऊ, चौथ्याला कडक, जसं असायला हवं तसं, आणि पाय ठेवून स्टार्टर मारला तर पेडल थोडं खाली बसलं, ते पण बरोबर. बूस्टर आणि पंप दोघेही पास. आता फोर-एच. दांडा टाकला, थोडं पुढे घेतली, दिवा स्थिर झाला, मी ऐटीत सुईकडे बघतोय.

६३५. हलली पण नाही.

नळ्या हाताने दाबल्या, वाकवल्या, वरून साबणाचं पाणी मारलं, जे व्हॅक्यूमला तसंही उपयोगाचं नसतं कारण बुडबुडा आत ओढला जातो, पण माणूस हताश झाला की काहीही करतो. हातपंप थेट फोर-एचच्या नळीला लावून ५०० भरला, पाच मिनिटं ठेवला, ५०० च. मामा वरून म्हणाले, "फट न्हाय तिथं, तुझ्या डोक्यात हाय." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

चहा पिताना मात्र एक गोष्ट खटकत राहिली. आम्ही उभ्या गाडीला तपासत होतो, आणि उभ्या गाडीने आजवर एकदाही तक्रार केली नव्हती. सगळ्या वेळा फोर-एच होतं हे एक, पण सगळ्या वेळा *उतार* पण होता, दुसरा गिअर होता, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला होता. फोर-एचमध्येच चढताना एकदाही काही झालं नव्हतं. कंपनीत पण असंच होतं, पाइपलाइन बंद असताना गळत नाही, कॉम्प्रेसर लोड घेताना पाइप हलतो तेव्हाच गळते.

मग गेज गाडीतच न्यायचं ठरवलं. लांब नळी बॉनेटच्या फटीतून, पुढच्या काचेच्या कडेने, खिडकीतून आत आणि गेज डॅशबोर्डवर टेपने चिकटवलं. इथे एक सांगतो, ब्रेकच्या लायनीत टी टाकून घाट उतरणं हे काही गंमत म्हणून करायचं काम नाही, टी निसटली तर बूस्टरला नवीन व्हॅक्यूम मिळणं बंद, म्हणून सगळ्या जोडांना क्लिपा मारल्या, हँडब्रेक आधी तपासला, सकाळी सहाला निघालो जेव्हा वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात गर्दी नसते, आणि चालवायला भाऊ, बघायला मी. एकट्याने हे करू नये. सुई बघायची की रस्ता.

पाचगणीच्या नाक्यावरून वळवली, पाऊस बारीक, रस्ता ओला. आधी टू-एचमध्ये अर्धा घाट उतरलो, सुई ६०० च्या आसपास, ब्रेकला खाली जाते, लगेच वर येते. मग एका रुंद जागी थांबून फोर-एच. दिवा स्थिर. दुसरा गिअर, पाय काढलेला. पहिल्या वळणाला ५९०. दुसऱ्याच्या आधी रस्ता जरा जास्त उतरता झाला, इंजिनाने गाडी धरली, आणि सुई सावकाश, कुणी बोटाने ढकलावी तशी, ४३० वर आली. "दाब हळूच," मी म्हटलं. त्याने दाबला, ३१०. सोडला, परत दाबला. "दादा, झाला कडक." पुढून कर्रर्र. दिवा लुकलुक. गाडी किंचित पुढे सुटल्यासारखी झाली. "आता रेस दे थोडी." इंजिन दोन हजारला गेलं, टक असा आवाज, दिवा स्थिर, सुई ५८०. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, म्हणजे ब्रेक जात असताना हसणारी आम्हीच दोन माणसं असू त्या घाटात.

ते पुढे सुटणं पण महत्त्वाचं. बांगडी अर्धी बाहेर आली की पुढची चाकं इंजिनापासून सुटतात, इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर उरतो. म्हणजे ज्या क्षणी ब्रेक कडक होतो त्याच क्षणी पुढच्या चाकांवरची इंजिनाची पकड पण जाते. भाऊ म्हणत होता "गाडी अंगावर येते", ते हे.

परत मामांच्या खड्ड्यात. आता काय शोधायचं ते माहीत होतं, इंजिनाने गाडी धरली की काय हलतं. पुढचं डिफरेन्शियल शॅसीला रबरी बुशांवर, म्हणजे लोखंडी नळीभोवती रबर असलेल्या आधारांवर, टांगलेलं असतं, रेस दिली की ते एका दिशेला पीळ खातं, इंजिन ब्रेकिंगला उलट्या. फोर-एचच्या नळीला हातपंप लावून ५०० भरला आणि मामांनी टॉमी, म्हणजे छोटी पहार, घेतली, डिफरेन्शियलच्या नाकाखाली घालून हलकेच खाली ओढलं. मी टॉर्च धरून नळीकडे बघत होतो. नाक बोटभर खाली आलं, एवढं यायला नको, आणि जिथे रबरी नळी डब्याच्या पत्र्याच्या नाकाडावर चढते, बरोबर क्लिपच्या मागे, रबराला एक चीर उघडली, वरच्या अंगाला, जिथे खालून बघणाऱ्याची नजर जात नाही. स्स्स. सुई शून्यावर. मामांनी टॉमी सोडली, चीर मिटली, ओठ मिटावेत तशी, कुठे होती ते शोधावं लागेल इतकी. परत भरलं, परत ५०० स्थिर. तीन वेळा केलं, नुसतं बघायला. मामा म्हणाले, "हाय की रं."

म्हणजे फट होती, पण ती दोन अटी एकदम पूर्ण झाल्या तरच उघडायची, फोर-एच आणि इंजिनाची उलटी ओढ. गाडी जॅकवर चढवून चाकं लोंबती ठेवली तर हे शंभर वर्षांत दिसणार नाही.

पण चीर हा शेवट नव्हता, बोटभर खाली येणारं नाक हा खरा रोग. पुढच्या बुशाचं रबर लोखंडी नळीपासून सुटलं होतं, नुसतं बाहेरून गोल दिसत होतं. नुसती चिरलेली रबरी नळीच बदलली असती तर नवी नळी पण सहा महिन्यांत तिथेच फाटली असती. बुश एवढा का गेला, ह्याचं उत्तर भावाच्या सवयीत आहे. त्याचा समज असा की पावसात फोर-एच लावलं की ब्रेक चांगला लागतो, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाट दिसला की दांडा फोर-एच. ब्रेक तर आधीच चारही चाकांना आहे, फोर-एचने त्यात भर पडत नाही, इंजिनाचा रोध चार चाकांत वाटला जातो एवढंच. उलट ह्या गाडीला मधलं डिफरेन्शियल नाही, वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर जायचं असतं, त्यांना ते जाता येत नाही, आणि डांबरावर चाक घसरून पीळ सुटत पण नाही. तो पीळ जातो कुठे, बुशात, जॉइंटात, बांगडीच्या दातांत. चिखलात, लाल मातीच्या शेतरस्त्याला फोर-एच लावावं, जरूर लावावं. डांबराच्या घाटात कशाला? ह्यावर आमचं थोडं वाजलं, मावशीने मध्ये पडून पोहे दिले.

दुरुस्ती: दोन्ही बाजूंचे बुश, दोन्ही रबरी नळ्या. नळी घेताना जाड भिंतीची, व्हॅक्यूमसाठीचीच घ्यायची, दुकानदार डिझेलची रिटर्न नळी किंवा पारदर्शक प्लास्टिकची देतो, आतून व्हॅक्यूम लागला आणि वरून इंजिनाची ऊब लागली की ती चपटी होते आणि मग नवाच आजार. डबा काढून पडदा तपासला, धड होता. बांगडी बाहेर घेतली तर दातांच्या कडा थोड्या गोल झालेल्या, म्हणून तर व्हॅक्यूम सैल पडला की ओढीने ती बाहेर सरकत होती. दात बाकी शाबूत होते म्हणून तशीच बसवली, नवी मागवून ठेवायला सांगितलं. सगळं मिळून साडेचार हजार, त्यात मामांची मजुरी.

आणि मग दोन दिवसांनी मेसेज, "दिवा परत लुकलुकला." ब्रेक ठीक, आवाज नाही, पण दिवा. त्या वेळी मला खरंच वाटलं की आपण कुठेतरी चुकलो. पण विचार केल्यावर लक्षात आलं की चिरेतून सहा आठवडे पंपाने नुसती हवा ओढली नव्हती, जुलैच्या घाटातलं चाकाखालून उडणारं पाणी आणि माती पण ओढली होती. फोर-एचचा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह उघडून टेबलावर आपटला तर लाल भुकटी पडली, चिमूटभर, वाळलेली. आतला सरकता दांडा, प्लंजर, कधी सरकत होता कधी अर्ध्यावर अडकत होता. साफ करून चालला असता कदाचित, पण ब्रेकच्या लायनीवरची गोष्ट आहे, नवा टाकला. लायन पण उलट्या बाजूने हवा मारून स्वच्छ केली.

चौथी तक्रार राहिली, चढाला ओढत नाही. मला फार मोह होता की तीसुद्धा ह्याच चिरेत बसवावी, ह्या इंजिनाच्या टर्बोचा ताबा पण व्हॅक्यूमवरच असतो, गोष्ट सुंदर झाली असती. पण चढताना चीर मिटलेली असते, तेव्हा बसत नाही म्हणजे बसत नाही. डिझेल फिल्टर काढला, खालून दोन चमचे पाणी निघालं. फिल्टर बदलला, गाडी ओढायला लागली. त्याचा बाकीच्याशी काडीचा संबंध नव्हता.

गेज मी लगेच काढलं नाही. दोन आठवडे गाडीतच राहू दिलं, पसरणी दोनदा आणि आंबेनळी एकदा, मुद्दाम फोर-एचमध्ये, ओल्यात, दुसऱ्या गिअरला. ब्रेक दाबला की सुई खाली, सोडला की चार-पाच सेकंदात वर, दिवा स्थिर, पुढून आवाज नाही. मग म्हटलं आता काढून टाक, तर तो काढेना. त्याला ते बीपी मशीनसारखं झालंय, रोज सकाळी फोटो पाठवतो, "आज ६४०", "आज ६३५, चालेल ना?"

परवा रात्री महाबळेश्वरहून फोन, घाबरलेला. "दादा, ५९० वर आलंय, आयडलला, टू-एचमध्ये, परत फट पडली." मी विचारलं पेडल कसं आहे, मऊ. भरायला किती वेळ लागतो, पाच सेकंद. मग त्याला समजावलं की व्हॅक्यूम म्हणजे बाहेरच्या हवेच्या मानाने आत किती कमी, आणि महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे बाहेरची हवाच ७६० च्या जागी साधारण ६४५ असते, वाईला सातशेच्या जरा खाली. पंप दोन्हीकडे तेवढंच काम करतोय, पण वर त्याला ओढायला हवाच कमी. वाईचे ६४० आणि वरचे ५९० हे सारखेच. बूस्टरची मदत पण त्या हिशोबाने वर थोडी कमीच असते, कुठल्याही गाडीत.

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे गाडी बरोबर आहे, हवेत फॉल्ट आहे."

हो म्हटलं, झोप आता.